गुरुवारची सुई

मोहाडीच्या दवाखान्यात गुरुवारी
अमरावतीकडची डॉक्टर येते, तस्नीम म्हणून.
सिस्टरनं चिठ्ठीवर लिहिलं :
निनावे, पुरुष, एक्कावन्न, उजवा खांदा.
'धंदा'पुढे नुसती रेघ ओढली.
मी म्हटलं, लिवा बाई, कोसा विणतो.

शर्ट काढला तसे दिसलेच तिला
बिब्ब्याचे सात डाग,
करवतकाठासारखे ओळीनं.
रागावली नाही. एवढंच विचारलं,
"यानं थांबलं का?"
"आठ दिवस. मग दुसरा डाग."

दुखत होतं कानामागं, कानशिलात,
भुवईच्या वर एक खिळा.
चष्मा दोनदा बदलला,
भंडाऱ्याला जाऊन डोक्याचा फोटो काढला.
ती डोक्याला हातही लावीना.
मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत
बोटानं चालत गेली, हळू,
लाइट गेल्यावर ताण्यातली गाठ शोधावी तशी.

बोटाला कळतंय की नाही, ते मला कळतं.
तीस वर्षं दुसरं केलं काय?
डोळ्याला न दिसणारी गाठ
नखाच्या कडेला अडते.
ती पुढं निघून गेली तेव्हा मीच बोललो,
"मागं या. अर्धं बोट मागं."
आली. दाबलं.
खांद्यावर दाबलेलं
भुवईत वाजलं.

दुखतं एकीकडे, मूळ एकीकडे,
असं काहीसं सांगत होती ती.
माझं लक्ष सिस्टरच्या हातातल्या ट्रेवर.

स्पिरिटचा गारवा.
दोन बोटांच्या चिमटीत तिनं गाठ धरली,
पळू नये म्हणून.
सुई आत. काही नाही.
थोडी मागं, जरा कलती, पुन्हा आत
आणि मांस उडालं.
माझंच मांस, मला न विचारता,
कोशात जीव वळतो ना बोटाखाली,
तसं, एकदाच.
"सापडली," ती म्हणाली,
मला नाही, सिस्टरला नाही,
सुईलाच म्हटल्यासारखं.

"औषध काय हाय यात?"
"थोडं बधिर करायचं. बाकी काम सुईचंच."
पटलं मला.
आमच्यातही खळ नंतर, रंग नंतर.

बाहेर चिंचेखाली बसून राहिलो.
खांदा ठणकत होता, पण सरळ दुखणं,
जिथलं तिथंच दुखणारं.
भुवईतला खिळा नव्हता.
एवढी जागा असते का डोक्यात?
फाटकाशी एक बाई भेंडीचा भाव करत होती,
तिचं बोलणं मला अख्खं ऐकू आलं,
शेवटच्या दोन रुपयांपर्यंत.

शेकायचं, मान रोज ताणायची,
मागाची बैठक चार बोटं वर घ्यायची,
नाहीतर महिन्यात गाठ परत.
घेतली वर. दोन विटा, त्यावर पोतं.
आता पावडी लांब पडते.
शिव्या घालतो आणि विणतो.

रात्री कौतिकाला दाखवत होतो
डॉक्टर कुठं कुठं दाबत गेली ते,
तिच्याच खांद्यावर, नुसतं दाखवायला.
ती मांडीवर धागा वळते.
तिथली कातडी कधीचीच काचेसारखी झाली.
कण्हताना ऐकली नाही कधी.
की मागाच्या खटखटीत ऐकू आलं नसेल.
बोट टेकलं आणि थांबलं.
एक. तिच्या खाली आणखी एक.
फऱ्याच्या कडेनं तीन.
मग मी मोजलं नाही.
"काहून थांबले?" ती म्हणाली,
"दाखवा ना पुढं."

पुढच्या गुरुवारी तिच्या नावाची चिठ्ठी.
'धंदा'पुढे सिस्टर 'घरकाम' लिहायला लागली
तशी कौतिकाच वाकून म्हणाली,
"कोसा लिवा.
मी कातते तवा हे विनते."

बाकावर बसल्यावर तिनं विचारलं,
सुई केवढी असते?
मी दोन बोटांत अंतर करून दाखवलं.
खरी त्याहून लांब असते.